बर्फावरची गोधडी

हनीफ, पुण्याहून फोनवर मी तुझ्या पोराला काय बोलून बसलो, ते आधी ऐकून घे. बाकीचं भांडण नंतर.

सकाळी इम्रानचा फोन आला. "काका, आब्बा गयात," एवढंच म्हणाला. पहाटेच्या नमाजासाठी उठलास, हातपाय धुऊन वजू केलंस, दम लागला म्हणून भिंतीला टेकलास, आणि टेकलेलाच राहिलास. मी मुलीच्या घरी गॅलरीत उभा होतो, हातात चहाचा कप. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बर्फावर ठेव त्याला. मी निघालो."

पलीकडे पोरगा गप्प. मला वाटलं आवाज पोचला नाही, म्हणून मी आणखी जोरात सांगू लागलो. चांगल्या पारदर्शक लाद्या काढ, खाली भुसा घाल, पाण्याला वाट ठेव, मी संध्याकाळपर्यंत पोचतो. बर्फ कारखान्याच्या मालकाच्या पोराला मी, शाळेतला विज्ञानाचा मास्तर, बर्फ कसा लावायचा ते शिकवत होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाला, "काका, दुपारनी जोहरनी नमाजनंतर माटी देवानी शे. थांबता येवाव नही."

मला काय हे माहीत नव्हतं? तुझ्या वडिलांच्या मातीला मी आलो होतो. सकाळी गेले, दुपारी कबर झाली. तुमच्यात थांबत नाहीत, थांबवू नये, हे मी तुझ्याकडूनच ऐकलं होतं. पण त्या क्षणी तू मुसलमान आणि मी कळसाडीचा गुजर, हे काही डोक्यात आलं नाही. डोक्यात एवढंच आलं, की शहाद्यात कुणी गेलं आणि त्याचं माणूस लांब असलं, की बर्फ येतो. सुरतेहून पोरगा निघालाय, बडोद्याहून लेक निघालीय, तोवर म्हाताऱ्याला धरून ठेवायचं काम तुझं. अर्ध्या तालुक्यानं तुझ्या बर्फाच्या जोरावर आपल्या माणसाचं तोंड शेवटचं पाहिलं. मग मला का नाही, असा तो माझा हट्ट होता. हट्टच. लहान पोरासारखा.

धुळ्याला बस बदलली तेव्हा जोहर उलटून गेली होती. स्टँडवर उभा राहून मी हिशेब मांडला की आता झालं असेल, आणि तिथेच एका बाकावर बसून राहिलो. एक बस सोडली सुद्धा. आता घाई कुणासाठी करायची होती?

तुझ्यावर मी रागावलेलो आहे, हे तुला कळायला पाहिजे. सगळ्या गावाला वेळ काढून दिलास आणि स्वतः घाईनं निघून गेलास.

आपलं बोलणं म्हणजे एक मजाच होती. माझ्या घरात गुजरी, तुझ्या घरात हिंदी, आणि आपण दोघं भेटलो की अहिराणी. शाळेत एका बाकावर बसलो तेव्हापासून तेच चाललं. तू दहावीनंतर वडिलांच्या कारखान्यात गेलास, मी शिकायला नंदुरबारला गेलो आणि परत येऊन त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. पोरांसमोर मी पुस्तकातलं मराठी बोललो की तू मागे उभा राहून ओठ दाबून हसायचास. "काय बोली ऱ्हायना रे तू, रेडिओवरना मानूस!"

दरवर्षी सातवीचा वर्ग घेऊन मी तुझ्या कारखान्यावर यायचो. पदार्थाच्या अवस्था शिकवायच्या तर फळ्यावर गोल काढून काय कळणार? तुझ्याकडे तिन्ही एका छपराखाली होत्या. डब्यात बर्फ, डब्यांभोवती हौदात मिठाचं पाणी, जे बर्फापेक्षा गार असून गोठत नाही, आणि नळ्यांमधून फिरणारा अमोनिया, जो कुठे पाणी होतो नि कुठे हवा. पोरं हौदाच्या फळ्यांवर उभी राहून खाली वाकून बघत, आणि तू त्यांची शर्टाची कॉलर मागून धरून ठेवायचास.

एका वर्षी तुला काय सुचलं कुणास ठाऊक. म्हणालास, मास्तर, आज मी शिकवतो. कारखान्याच्या आवारात पोरांना उभं केलंस. आधी खांद्याला खांदा लावून रांगा, म्हणजे बर्फ. मग रांगा मोडून एकमेकांना घासत चाला, म्हणजे पाणी. मग शिट्टी वाजली की आवारभर पळा, फाटकापर्यंत, चिंचेपर्यंत, म्हणजे वाफ. पाणी आणि वाफ झकास झाली. बर्फ काही होईना. धडगावकडची वसतिगृहातली पोरं, ती एका जागी कशाला राहतात? कुणी ढकलतंय, कुणी पाय बदलतंय. तू ओरडलास, "हालू नका रे! तुम्ही बरफ शेतस!"

मी मध्ये पडलो. "हालू दे त्यांना. तेच बरोबर आहे. बर्फातले कण जागा सोडत नाहीत, पण जागच्या जागी हालत असतात."

"मन्हा बरफम्हा?"

"तुझ्या, माझ्या, कुणाच्याही."

"मास्तर, मी मिसरूड फुटानं आधीथीन लाद्या उचली ऱ्हायनू. माले कधी हालनी नही."

"तुला कळेल एवढं मोठं नसतं ते हालणं."

पोरं आता आपल्या दोघांकडे आलटून पालटून बघू लागली होती. तू डोक्यावरची टोपी मागे सरकवलीस आणि विचारलंस, "मंग बरफवर जे मयत ठेवतस, त्यान्हं?"

"त्याचेही कण हालतात. लाकडाचे, लोखंडाचे, सगळ्यांचे. गार केलं की कमी हालतात, थांबत नाहीत."

"कसाले हालतस पन?"

याचं उत्तर मी देणारच होतो. पण तेवढ्यात तुझ्या माणसांनी पोरांना खायला म्हणून लादी फोडली, आणि सगळा वर्ग शिट्टी न वाजवता वाफ झाला. तुझा प्रश्न राहिला. मला वाटलं, वाद मी जिंकलो.

वाद तरी किती होते आपले! गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून जे थेंब येतात, ते आतलं पाणी झिरपून येतं, हे तू मरेपर्यंत सोडलं नाहीस. मी म्हणायचो, अरे काचेतून पाणी झिरपलं तर ग्लास रिकामा होईल, ते हवेतलं बाष्प आहे. तू म्हणायचास, हवेत पाणी असतं तर आपल्या शहाद्यात वैशाखात ही बोंब का?  खरं तर उत्तर होतं माझ्याकडे, पण तू ज्या तोऱ्यात विचारायचास, त्यात ते देऊन मजा गेली असती.

आणि तो अमोनियाचा दिवस. तुझ्या केबिनमध्ये आपण चहा घेत होतो आणि नळीचा एक जोड सुटला. वास नाकाला लागेपर्यंत तू उठलासही होतास. ओला पंचा तोंडाला गुंडाळून आत गेलास, एकेका माणसाला बाहेर ढकललंस, झडप बंद केलीस आणि शेवटी स्वतः आलास. सगळे चिंचेखाली बसून डोळे चोळत होते. मी माझ्या सवयीनं म्हणालो, "बघ, याला म्हणतात वायू. मिळेल ती सगळी जागा घेतो." तुझे डोळे लालभडक, नाकातून पाणी. म्हणालास, "चूप ऱ्हाय मास्तर. पयले खोकी ले, मंग शिकाड." तेव्हापासून तुझी छाती कुरकुरायला लागली. डॉक्टर म्हणत, थंडीत बसू नका. बर्फ कारखानदाराला हा सल्ला!

आता बापूंच्या दिवसाबद्दल बोलायचंय. हे मी तुझ्यासमोर कधी काढलं नाही, तूही काढलं नाहीस.

बापू, माझे वडील, कळसाडीच्या घरी वारले ते भर उन्हाळ्यात. माझी बहीण बडोद्याला, तिला यायला दिवस लागणार होता. मी तुला फोन केला तेव्हा रडत होतो की ओरडत होतो, आठवत नाही. तू टेम्पो स्वतः चालवत आलास. मासेवाल्यांना, रसवंतीवाल्यांना तू मध्ये पांढरी राहिलेली लादी द्यायचास. मयतासाठी मात्र पार आरपार दिसणारी लागायची. गोठताना मधलं पाणी उपसून काढून तिथे चांगलं पाणी भरायचं, म्हणजे लादी स्वच्छ होते, आणि ते काम तू त्या लाद्यांपुरतं कुणावर सोपवायचा नाहीस. तशा लाद्या घेऊन आलास. ओसरीवर भुसा पसरलास, त्यावर लाद्या मांडल्यास, अंगणाकडे पाण्याला वाट करून दिलीस. आणि मग माझ्या आईसमोर जाऊन उभा राहिलास. "काकू, घरम्हा जाड गोधडी शे का?"

आईनं बापूंचीच गोधडी काढून दिली. ती तू दुमडून बर्फावर अंथरलीस, आणि तिच्यावर बापूंना ठेवलंस.

मी म्हणालो, गोधडी काढ. तिच्यातून गारवा पोचणार नाही. गोधडी थंडीतून वाचायला असते, तू बर्फवाला असून हे तुला सांगावं लागतं? चार माणसं बसली होती, त्यांनीही माना हलवल्या. तू म्हणालास, "पोचस. ऱ्हाऊ दे." मी पुन्हा म्हणालो. आणि हनीफ, आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्यावर आवाज चढवलास. "मास्तर, तुन्हा बाप शे तो!"

 मला काही समजलं नव्हतं, पण तुझा चेहरा बघून मी बाजूला झालो. गोधडीमुळे जो गारवा कमी पडणार होता, तो तू दोन्ही बाजूंना लाद्या उभ्या करून भरून काढलास. विरघळली की नवी, विरघळली की नवी. टेम्पो पुन्हा शहाद्याला पाठवलास. दिवसभर त्या ओसरीवरून हलला नाहीस. आमच्या घरात कुणी तुला पाणीसुद्धा विचारलं की नाही, मला आठवत नाही.

बहीण दिवस मावळताना आली. बापूंचं तोंड जसंच्या तसं होतं. तिनं दोन्ही हातांत ते धरलं, गालाला गाल लावला, जे बोलायचं होतं ते बोलली. तू तेव्हा विहिरीपाशी जाऊन हातांचा भुसा धूत होतास. मी तुला काही बोललो नाही. आपल्याकडे मैतराला धन्यवाद म्हणायची पद्धत नाही, म्हटलं असतं तर तू शिवी हासडली असतीस. आज म्हणतो. त्या दिवशी माझ्या बहिणीला तिचा बाप तू दिलास. शिवी हासडायला तू नाहीस, म्हणून म्हणता येतंय.

पुढे शहाद्यात शीतपेटी आली. वीज लावली की झालं, भुसा नाही, पाणी नाही. तुझ्याकडे मयताचे फोन कमी झाले. प्रकाशा गावचे मासेवाले, लग्नवाले, एवढेच राहिले. तू म्हणायचास, बरं झालं. मला ते खोटं वाटायचं. तुला वाईट वाटतंय आणि तू लपवतोस, असं मी धरून चाललो होतो.

पुण्याला निघण्याआधी मी भेटायला आलो, ती आपली शेवटची बैठक. तू कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसला होतास, जिथे आतला गारवा पायांवर येतो. बोलताना मध्ये थांबत होतास. मी म्हणालो, बैस की आत ऊबेत. तू म्हणालास, ऊब बाहेर भरपूर आहे, बघ की. रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. ते बघता बघता विचारलंस, "मास्तर, पुरं थांबस असं काही शे का? इतलं गार, का मंग कन बी थांबी जातस?"

मला वाटलं, जुन्या वादाला फोडणी देतोयस. मी म्हणालो, तसा एक आकडा पुस्तकात आहे, तिथवर कुणी पोचलेलं नाही, आणि तिथेही काय होतं ते मी नीट वाचून सांगतो. माझ्या शाळेच्या पुस्तकांच्या पलीकडचं आहे ते.

"पुनाथीन वापस उना का सांगजो," तू म्हणालास.

मी वाचलं, हनीफ. मुलीच्या घरी बसून, चष्मा कपाळावर नेऊन नेऊन वाचलं. तुला सोप्या शब्दांत कसं सांगायचं, ग्लासच्या थेंबांसारखं तू यालाही हाणून पाडलंस तर काय बोलायचं, सगळी तयारी करून ठेवली होती. परतीचं तिकीट काढलेलं होतं. त्या आधीच तू निघून गेलास.

संध्याकाळी तुझ्या घरी पोचलो. ओट्यावर सतरंजी, माणसं येऊन बसून जात होती. चूल बंद होती, शेजारून डबे येत होते. भाभी आत पडद्यामागे, त्यांचा आवाज तेवढा आला, "भाईसाब आए क्या?" उत्तर इम्राननंच दिलं. मग तो माझ्या शेजारी येऊन बसला. त्यानं गार पाण्याचा ग्लास दिला, त्यात तुमच्याच लादीचा खडा. ग्लासला बाहेरून थेंब आले होते. मी ते पुसले नाहीत.

"काका, तुम्हले वाईट वाटनं व्हई," तो म्हणाला.

मी म्हणालो, नाही रे. तुमच्यात थांबत नाहीत, माहीत आहे मला. मीच खुळ्यासारखं बोललो.

"ते तर शेच. पन आब्बानी येगळं सांगी ठेयेल व्हतं. लई साल झाये. कोनीबी येवाना बाकी ऱ्हायना तरी, माले बरफवर ठेवू नका."

मी विचारलं, का?

पोरगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आब्बा म्हनेत, मास्तर सांगस ते खोटं नसस. बरफवर मयत हालस. त्याले हीव वाजस, थंडी लागस." आणि मग त्यानं ते सांगितलं, जे तू मला कधी कळू दिलं नाहीस. त्या आवारातल्या दिवसानंतर तू गोधडीशिवाय एकही मयत बर्फावर ठेवलं नाहीस. ज्या घरात गोधडी नसेल तिथे स्वतःची द्यायचास. टेम्पोत चालकाच्या सीटमागे कायम एक धुतलेली गोधडी घडी करून ठेवलेली असायची. लोक हसायचे, बर्फवाल्याला बर्फ कळत नाही म्हणायचे, आणि तू म्हणायचास, पोचतो गारवा, राहू दे. शीतपेटी आली तेव्हा तू बरं झालं म्हणालास, ते खरंच म्हणत होतास.

"काका, खरंच मयतले हीव वाजस का?" इम्राननं विचारलं.

 ग्लास हातात धरून बसलो. म्हणजे ज्या गोष्टीनं तू माझ्यासाठी थांबला नाहीस, ती माझीच होती. मीच ती तुला शिकवली, सातवीच्या पोरांसमोर, आणि तू एकटाच होतास ज्यानं ती मनावर घेतली. सातवीच्या किती तुकड्यांना शिकवलं मी ते, परीक्षेत लिहिलं आणि विसरले सगळे. तू मात्र ती गोष्ट गोधडीत गुंडाळून गावोगाव घेऊन फिरलास, आणि मला म्हणालासही नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी इम्रान मला कब्रस्तानात घेऊन गेला. ऊन तेव्हाच चढलं होतं. आदल्या दिवशी शिंपडलेलं पाणी वाळून मातीला भेगा पडल्या होत्या. पोरगा जरा लांब लिंबाखाली थांबला, मला म्हणाला, बोला काका, काय बोलायचं ते.

मग मी तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. लादी फुटली म्हणून राहिलेल्या. कसाले हालतस? हनीफ, थंडी वाजते म्हणून नाही हालत ते. त्यांचं हालणं हीच त्यांची ऊब. जेवढे जास्त हालतील तेवढी वस्तू गरम. बर्फातही ते थोडे हालतात, म्हणजे बर्फातही थोडी ऊब उरलेली असते. तू ज्यांना ज्यांना गोधडीवर निजवलंस, त्यांच्यात, माझ्या बापूंच्यातही, ती होती. आणि तुझा दुसरा प्रश्न, तो मी पुण्याहून घेऊन आलो होतो. पुरं थांबेल इतकं गार काहीच नाही. शेवटची ती थोडी ऊब काढून घेणं अजून कुणालाही जमलेलं नाही.

एवढं सांगून मी वाट पाहिली. सवयीनं. तू आता काहीतरी तिरकं बोलशील आणि मला गप्प करशील, म्हणून.

मग खाली वाकून मातीवर हात ठेवला. वैशाखातली माती, सकाळच्या उन्हातच इतकी तापली होती की तळवा भाजला. मी तो तसाच राहू दिला.